कच्चा आकडा, पक्का आकडा : दुरुस्ती म्हणजे लबाडी नव्हे

१/
दरवर्षी ६ जून उजाडला की रायगडाची छायाचित्रे सर्वत्र झळकू लागतात. शिवराज्याभिषेकाची ही तारीख जुन्या ज्युलियन कालगणनेतली आहे. १६७४ साली इंग्रज तीच कालगणना पाळत होते. शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा तो दिवस आजच्या ग्रेगोरियन कालगणनेप्रमाणे १६ जूनला येतो. सतराव्या शतकातले इंग्रजी पत्र हाती आले की तारखेत दहा दिवस मिळवावेत, पोर्तुगीज पत्राच्या तारखेत मिळवू नयेत, हा आमच्या अभ्यासातला अगदी प्राथमिक धडा होय.

२/
या दहा दिवसांना आजवर कोणी ‘पुराव्यातला फेरफार’ म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. परंतु हीच कृती एखाद्या उपकरणाच्या नोंदीवर केली गेली की त्याच मंडळींचा सूर बदलतो. ‘मूळ आकडे का बदलले?’ ‘दुरुस्त आकडा म्हणजे बनावट आकडा.’ ‘आम्हांला कच्ची आकडेवारी द्या, शास्त्रज्ञांची मखलाशी नको.’ आजचा धागा या सुराविरुद्ध आहे, आणि तो जरा लांबणार आहे.

३/
दुसरीकडे एक उलट पंथही आहे. त्याची श्रद्धा अशी : जुनी काट्याची उपकरणे चुकत असत; आता सारे डिजिटल झाले, म्हणजे चूक संपली. पडद्यावर दशांश चिन्हापुढे चार आकडे दिसले की हा पंथ हात जोडतो.
वरवर पाहता हे दोन पंथ एकमेकांचे वैरी वाटतात. वस्तुतः दोघांची अंधश्रद्धा एकच आहे. आकडा स्वयंभू असतो, त्याला जन्मस्थळ नसते, त्या स्थळी ऊन-वारा नसतो, असे दोघेही मानतात.

४/
इतिहासाच्या विद्यार्थिनीने इलेक्ट्रॉनिक्समध्ये नाक का खुपसावे, हा प्रश्न येणारच. उत्तर सोपे आहे. उष्णतेमुळे मोजमाप सरकते आणि त्याची भरपाई करावी लागते, ही गोष्ट किमान तीनशे वर्षे जुनी आहे. आजच्या चिपमधली युक्ती अठराव्या शतकातल्या घड्याळात सापडते. ज्याला हा वारसा ठाऊक नाही, त्याला चिप जादू वाटते आणि दुरुस्ती कारस्थान वाटते.

५/
घड्याळापासून आरंभ करू. लंबकाची दांडी पोलादाची असेल, तर तापमान एका सेल्सिअस अंशाने वाढल्यावर तिची लांबी दशलक्षात सुमारे साडेअकरा भागांनी वाढते. लांबी वाढली की लंबक मंदावतो. हिशेब केला तर दर अंशामागे दिवसाला साधारण अर्धा सेकंद मागे. हिवाळ्यात बिनचूक लावलेले घड्याळ वीस अंश अधिक तापलेल्या उन्हाळ्यात रोज दहा सेकंद मागे पडत जाईल. घड्याळात बिघाड काहीच नाही. ते आपल्या धातूचा धर्म पाळत असते.

६/
लंडनच्या जॉर्ज ग्रॅहम यांनी १७२१ साली लंबकाच्या टोकाशी पाऱ्याचे भांडे बसवले. दांडी खाली वाढते, त्याच वेळी भांड्यातला पारा वर चढतो, आणि लंबकाचे परिणामी अंतर जवळपास तेवढेच राहते. त्याच दशकात जॉन हॅरिसन यांनी पितळ आणि पोलाद यांच्या नऊ दांड्या जाळीसारख्या रचल्या. पोलादी दांड्या गोळ्याला खाली ढकलतात, अधिक प्रसरण पावणाऱ्या पितळी दांड्या त्याला तेवढाच वर उचलतात. एका दोषाला दुसऱ्या दोषाने तोलून धरायचे! ही कल्पना ध्यानात ठेवावी. अडीचशे वर्षांनी ती पुन्हा भेटणार आहे.

७/
आता आपल्या भूमीवर येऊ. विल्यम लॅम्टन यांनी १८०२ साली मद्रासजवळ, सेंट थॉमस माउंटच्या परिसरात, त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची आधाररेषा मोजली. लांबी सुमारे साडेसात मैल, म्हणजे १२ किलोमीटर. साधन होते शंभर फुटी पोलादी साखळी. ती जमिनीवर नुसती टाकून भागत नसे. आधारांवर ताणून ठेवायची, आणि शेजारी तापमापक ठेवून त्याचीही नोंद घ्यायची.

८/
तापमापक कशासाठी? एका अंशाच्या फरकाने बारा किलोमीटरांच्या मोजणीत जवळजवळ १४ सेंटिमीटरांचा फरक पडतो. पहाट आणि दुपार यांत दहा अंशांचे अंतर धरा. फरक जवळपास दीड मीटर होतो. मग सांगा, ‘कच्चा, अस्सल’ आकडा कोणता? पहाटेचा की दुपारचा? जमीन तर तसूभरही हललेली नाही.
इथेच कच्च्या आकड्याचे तत्त्वज्ञान कोसळते. दुरुस्ती नाकारली तर हाती अनेक आकडे उरतात आणि त्यांतला एकही जमिनीचा नसतो. प्रत्येक आकडा जमीन आणि ऊन यांची सरमिसळ असतो. सर्व नोंदी एकाच ठरवलेल्या तापमानाला आणल्या, तेव्हाच मोजणी जमिनीची झाली.

९/
लॅम्टन यांचे देहावसान १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला झाले. त्यांची कबर तिथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी इंग्लंडहून थॉमस कोल्बी यांच्या रचनेच्या भरपाई-पट्ट्या आणल्या. दहा फुटी लोखंडी पट्टी आणि तेवढीच पितळी पट्टी मध्यभागी जोडलेल्या. दोन्ही टोकांना आडव्या जिभा, आणि त्या जिभांवर असे बिंदू की पट्ट्या कितीही प्रसरण पावल्या तरी बिंदूंमधले अंतर ढळू नये. कलकत्त्याची आधाररेषा १८३१-३२ मध्ये याच पट्ट्यांनी मोजली गेली.

१०/
परंतु या कथेला ‘आणि मग चूक संपली’ असा शेवट नाही. पितळ आणि लोखंड सारख्या वेगाने तापत नाहीत. ऊन एकाएकी चढले की एक धातू पुढे जातो, दुसरा मागे राहतो, आणि तेवढा काळ भरपाई लंगडी पडते. म्हणजे भरपाईलाही स्वतःची चूक असते आणि तीही तपासावी लागते. मोजमापाच्या इतिहासात अंतिम शुद्धी कुठेच भेटत नाही. भेटते ती चुकांची अधिकाधिक बारीक, अधिकाधिक उघड नोंद.

११/
मुंबईचे उदाहरण तर प्रत्येक शाळेत शिकवले जावे असे आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नियमित नोंदी होत होत्या. या कामातले लोहचुंबक तापले की त्यांचे बल किंचित घटते. म्हणजे खोली तापली तरी कागदावर पृथ्वीच बदलल्यासारखी दिसावी! तापमानाचा हिशेब न करता त्या नोंदी वाचणे म्हणजे खोलीच्या उन्हाळ्याला पृथ्वीचे चरित्र समजणे.

१२/
पुढे मुंबईत विजेच्या ट्रामचा बेत ठरला. ट्रामच्या विद्युतप्रवाहाने चुंबकीय नोंदी नासल्या असत्या, म्हणून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी हे काम अलिबागला नेले. तिथली इमारत चुंबकीय गुण नसलेल्या पोरबंदरी दगडाची, आणि आतले तापमान शक्य तितके स्थिर राहावे अशा बांधणीची. सर्वांत मोलाची गोष्ट अशी की, १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. जुन्या आणि नव्या मालिकेतला फरक त्यामुळे मोजता आला, आणि दोन्ही एका सूत्रात ओवता आल्या.
ही दुरुस्ती ज्याला लबाडी वाटते, त्याने प्रामाणिकपणाची व्याख्या सांगावी. मी ऐकायला तयार आहे.

१३/
आता डिजिटल पंथाकडे वळते. निसर्गात आकडे नसतात. ताण, उष्णता, प्रकाश, आवाज यांचे संवेदक देतात ते सलग बदलणारे व्होल्टेज. त्याचा आकडा बनवते ते एडीसी, म्हणजे अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर. ते फक्त एकच काम करते : आलेले व्होल्टेज स्वतःजवळच्या एका संदर्भ व्होल्टेजच्या किती पट आहे, हे ठरवते. संदर्भ व्होल्टेज ही त्याची मोजपट्टी. आणि ती पट्टीही, लॅम्टन यांच्या साखळीप्रमाणेच, उन्हात सरकते.

१४/
थोडे अंकगणित करू. समजा, संदर्भ व्होल्टेज दर अंशामागे दशलक्षात २५ भागांनी सरकते. सकाळचे १२ अंश आणि दुपारचे ४२ अंश, म्हणजे ३० अंशांचा फरक. एकूण सरक दशलक्षात ७५० भाग.
१२ बिटांच्या एडीसीत ४०९६ पायऱ्या असतात. पट्टीच्या टोकाजवळच्या मोजणीत आकडा ३ पायऱ्यांनी चुकेल.
१६ बिटांच्या एडीसीत ६५,५३६ पायऱ्या; चूक ४९ पायऱ्यांची.
२४ बिटांच्या एडीसीत १ कोटी ६७ लाखांहून अधिक पायऱ्या. चूक साडेबारा हजार पायऱ्यांहून अधिक.

१५/
नीट पाहा : बिट वाढले तशी चूक कमी झाली नाही. ती प्रमाणाने होती तेवढीच राहिली, फक्त अधिक आकड्यांत लिहिली गेली. पट्टीवर रेघा बारीक आखल्या म्हणून पट्टी खरी होत नाही. दशांश चिन्हापुढचे चार आकडे पाहून भारावणाऱ्यांनी आधी विचारावे की, ही पट्टी कुठल्या तापमानाला तपासली होती?

१६/
या पट्टीचाही स्वतंत्र इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात व्होल्टेजचे प्रमाण म्हणून क्लार्क यांचा विद्युतघट वापरात होता. तो दर अंशामागे एक मिलिव्होल्टहून अधिक सरके. एडवर्ड वेस्टन यांनी १८९३ साली कॅडमियमचा घट घडवला. तो २० अंशांना १.०१८३ व्होल्ट देतो आणि दर अंशामागे मिलिव्होल्टच्या सुमारे पंचविसाव्या भागाएवढाच सरकतो. पुढे तो आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरला. तरीही त्याच्यासोबत तापमानाचे सूत्र असेच, आणि ते सूत्र लपवण्याची कोणाला गरज वाटली नाही.

१७/
मग अर्धवाहकांचे युग आले. ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटर यांमधले व्होल्टेज दर अंशामागे सुमारे दोन मिलिव्होल्टने घटते. परंतु वेगवेगळ्या प्रवाह-घनतेवर चालणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांच्या या व्होल्टेजांमधला फरक तापमानाबरोबर वाढत जातो. घटणारे आणि वाढणारे योग्य प्रमाणात मिळवले, तर सुमारे १.२ व्होल्टचे जवळजवळ अढळ संदर्भ व्होल्टेज मिळते. डेव्हिड हिल्बिबर यांनी १९६४ साली ही दिशा दाखवली. बॉब विडलर यांनी १९७१ च्या सुमारास आणि पॉल ब्रोकॉ यांनी १९७४ साली तिला व्यवहारात उतरवले.

१८/
ओळख पटली का? हॅरिसन यांचे पितळ आणि पोलाद सिलिकॉनमध्ये उतरले आहे. एक दोष खाली ओढतो, दुसरा वर उचलतो. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये ही अठराव्या शतकातली युक्ती आत्ता या क्षणी चालू आहे. तिच्यावाचून ‘डिजिटल अचूकता’ हे शब्द पोकळ आहेत.

१९/
युक्ती तेवढ्यावर थांबत नाही. चिपवरच छोटा तापमापक बसवतात, कारखान्यात दोन-तीन तापमानांना चूक मोजून तिचे गुणांक स्मृतीत लिहितात, आणि प्रत्येक आकडा त्या गुणांकांनी सुधारूनच बाहेर पाठवतात : हा लॅम्टन यांचा मार्ग. मधूनमधून प्रवेशद्वार शून्याला जोडून ‘शून्याला किती दिसते’ हे पाहतात आणि तेवढे वजा करतात. जिथे काहीच सरकता कामा नये, तिथे संदर्भ-घटक तापवून एकाच तापमानाला धरून ठेवतात : हा अलिबागच्या इमारतीचा मार्ग.

२०/
वजनकाट्यातली युक्ती तर विशेष देखणी आहे. काट्यातल्या लोडसेलला जे व्होल्टेज पुरवतात, तेच एडीसीला संदर्भ म्हणून देतात. उष्णतेने ते व्होल्टेज सरकले तर माल आणि माप दोन्ही एकाच प्रमाणात सरकतात, आणि गुणोत्तर जागचे हलत नाही.
हिंगणघाटच्या बाजारात कापसाची गाडी काट्यावर चढते तेव्हा शेतकऱ्याच्या पदरात पडणारी रक्कम अशा भरपाईवर अवलंबून असते. ‘मला दुरुस्त आकडा नको, कच्चाच द्या’ असे म्हणणाऱ्याने मे महिन्याच्या दुपारी, भरपाई काढून टाकलेल्या काट्यावर, आपला स्वतःचा माल घालून दाखवावा.

२१/
पहिला आक्षेप : ‘दुरुस्तीचे दार उघडले की लबाड माणूसही आत शिरतो.’ हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. दुरुस्तीच्या नावाखाली हवा तो निष्कर्ष काढता येतो. म्हणूनच प्रामाणिक दुरुस्तीच्या चार अटी आहेत. मूळ नोंद जपलेली असावी. सरकण्याचे कारण ठाऊक असावे आणि स्वतंत्रपणे मोजलेले असावे. दुरुस्तीचा नियम निष्कर्ष पाहून ठरवलेला नसावा. आणि तिसऱ्या माणसाला ती दुरुस्ती उलगडून पुन्हा मूळ आकड्यापर्यंत जाता यावे.

२२/
मराठी वाचकाला ही शिस्त परकी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. शेकडो हस्तलिखिते पडताळून संपादकांनी पाठ निश्चित केला, आणि नाकारलेले पाठभेद त्याच पानावर खाली छापले. संपादकांशी तुमचे मत जुळत नसेल तर खाली पाहा, दुसरा पाठ उचला, वाद घाला. संपादन झाले म्हणून ग्रंथ बनावट ठरला नाही. पाठभेद उघडे ठेवले म्हणूनच तो विश्वासार्ह ठरला. उपकरणाच्या आकड्याकडूनही एवढीच अपेक्षा आहे.

२३/
दुसरा आक्षेप : ‘चांगली उपकरणे करा, म्हणजे दुरुस्तीच नको.’ शार्ल एदुआर गिलोम यांनी १८९६ साली इन्व्हार हा निकेल-लोखंडाचा मिश्रधातू शोधला. त्याचे प्रसरण साध्या पोलादाच्या सुमारे एक दशांश. या कामासाठी त्यांना १९२० सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. परंतु एक दशांश म्हणजे शून्य नव्हे. शिवाय इन्व्हार कालांतराने आपण होऊन किंचित लांबतो. उत्तम साधनाने दुरुस्ती लहान होते, नाहीशी होत नाही. आणि जुन्या नोंदींचे काय? १८५० सालचे निरीक्षण आजच्या उपकरणाने पुन्हा घेता येत नाही.

२४/
खरा प्रश्न इथेच आहे. दीर्घकाळच्या नोंदींमध्ये साधने बदलतात, जागा बदलतात, निरीक्षणाच्या वेळा बदलतात. ‘दुरुस्ती नको’ याचा सरळ अर्थ ‘तुलना नको’, आणि तुलना नको याचा अर्थ ‘इतिहासच नको’. हवामानाच्या नोंदींवर ओरडणाऱ्यांना नेमके हेच साधायचे असते, कळून वा न कळून.

२५/
त्यांचा लाडका आरोप असा की, तापमानवाढ फुगवण्यासाठी जुने आकडे बदलले. समुद्राचे उदाहरण घ्या. पूर्वी जहाजावरून बादली सोडून पाणी वर काढीत आणि त्याचे तापमान घेत. वर येईतो बाष्पीभवनाने ते पाणी थोडे गार होई, म्हणून जुने आकडे खऱ्यापेक्षा कमी आले. दुरुस्तीत ते वर उचलले गेले. भूतकाळ अधिक उबदार ठरला, म्हणजे दीर्घकालीन जागतिक वाढ कच्च्या आकड्यांपेक्षा किंचित कमीच दिसू लागली! कारस्थान करणाऱ्यांनी स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला, असे मानायचे का?

२६/
आणि डिजिटल पंथासाठी शेवटचे. चौकातला हवेच्या गुणवत्तेचा फलक असो, दवाखान्यातले यंत्र असो वा धरणावरचा संवेदक. आकडा दाखवणाऱ्याला तीन प्रश्न विचारण्याचा नागरिकाला हक्क आहे. शेवटची तपासणी केव्हा झाली? कोणत्या तापमानाला? कोणती दुरुस्ती लावली? ‘यंत्रच सांगते’ हे उत्तर नव्हे. ते उत्तरदायित्व झटकणे होय.

२७/
इतिहास आम्हांला एकच सवय लावतो : साक्षीदाराला खोटा म्हणायचे नाही, देवही मानायचे नाही, तो कुठे उभा होता ते विचारायचे. आकडाही साक्षीदारच आहे. तो उन्हात उभा होता की सावलीत, हे ज्याने लिहून ठेवले, त्याच्यावर मी विश्वास ठेवते. ज्याने ते लिहिले नाही आणि तरी आपला आकडा ‘शुद्ध’ म्हणून पुढे केला, त्याच्याबद्दल मात्र मला दाट शंका आहे.

धागा समाप्त. मतभेद जरूर मांडावेत. सोबत तुमची मूळ नोंद आणि तुमचा नियमही मांडावा.